आवळायचं, सोडायचं

सुमनताईंच्या घरी हळदीकुंकवाला छबूबाईनं नाव घेतलं आणि मी हसले. झालं ते एवढंच. कुणाला सांगितलं तर म्हणेल, हसलीस तर हसलीस, त्यात काय एवढं. पण छबूबाईचं नाव घेणंही तसंच होतं. 'चुलीवरच्या दुधाला आली दाट साय' इथवर ती झोकात आली, पुढचं विसरली, आढ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "मालोजीराव आंघोळच करीनात, आता मी करू काय?" चैत्रातली दुपार, खोलीभर आंब्याच्या डाळीचा वास, पदरानं वारा घेत बसलेल्या चाळीतल्या बाया, आणि सगळ्या एकदम हसायला लागल्या. मीही. हसता हसता पोटातून उमाळा आला आणि त्याच्यामागोमाग खाली काहीतरी सुटलं. गरम. मला कळलं तेव्हा होऊन गेलं होतं. थेंब थेंब आधीही जायचं, माझी वेणू झाली तेव्हापासूनच, शिंकताना, हंडा उचलताना, पण त्याला मी मनात जागाच दिली नव्हती. होईल बरं म्हणायचं आणि लुगडं बदलायचं. हे थेंब नव्हते. सुमनताईंची नवी सतरंजी, तिच्यात मोर विणलेले, आणि मी त्यातल्या एका मोरावर बसलेली. बाकीच्या बाया ओट्या घेऊन उठल्या, चपला शोधायला लागल्या, आणि मी आपली मांडी घालून, चेहरा हसरा ठेवून बसून राहिले. कानशिलं तापली होती. सुमनताई म्हणाल्या, "शालन, घरी नाही जायचं का गं?" तेव्हा माझं तोंड आपोआप बोललं. माझी आणि त्याची काही बोलणीच झाली नव्हती. म्हणालं, "सुमनताई, मी बाजूला झाले वाटतं."

त्यांनी आधी झोपाळ्यातल्या गौरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अगं कर्म! आत्ता? गौरीसमोर?" पण रागावल्या नाहीत. उलट आवाज उतरवून म्हणाल्या, "जा, मागच्या दारानं जा. मी बघते." मागून गोमूत्र शिंपडल्याचा आवाज आला. सतरंजी त्यांनी आख्खी धुवायला काढली, कुठला भाग आणि का हे कुणी बघितलं नाही. मागच्या गल्लीतून घरी येताना मला स्वतःची इतकी किळस आली, आणि त्याच वेळी इतकं सुटल्यासारखं वाटलं, की दोन्हीतलं कुठलं खरं ते कळेना. रक्ताची लाज वाटून घ्यायची नसते, ते देवानंच लावून दिलेलं. त्याला चटई आहे, घोंगडी आहे, कोपरा आहे, त्याचे नियम आहेत. ह्याला काय आहे? ह्याला नावसुद्धा नाही.

घरी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तेच सांगितलं. गोजाबाई त्यांचं नाव. पारनेरकडच्या, बोलायला तिखट, मिश्री लावताना तेवढ्या गप्प. मुलगा औषधाच्या कारखान्यात फिटर झाला तशा त्याच्याबरोबर इकडे पिंपरीला आल्या, आणि इथल्या नळावरच्या बायका त्यांना वचकून असतात. "कावळा शिवला व्हय? बस मग तिकडं," म्हणाल्या आणि घोंगडी कोपऱ्यात टाकली. वेणूला पाजण्यापुरती तेवढी मांडीवर द्यायच्या, मग लगेच उचलून तिचं अंगडं बदलायच्या. बाकी चार दिवस माझ्याकडे कुणी फिरकायचं नाही. माझे कपडे मी वेगळे धुवायचे, किती धुतले कुणी विचारायचं नाही. सतरंजी नाही, गादी नाही, पाटावर बसायचं नाही, कुणाच्या अंगाला अंग लागायचं नाही. बाहेर आत्याबाई नळावरून पाणी आणत होत्या, स्वयंपाक करत होत्या, वेणूला दटावत होत्या, आणि मी भिंतीला टेकून बसले होते. बाळंतपणानंतर पहिल्यांदा मला भीती वाटत नव्हती. अगं बाई, म्हटलं, ही जागा बरी आहे की.

मग मी पुन्हा बाजूला झाले. आणि पुन्हा. कुणाच्या बारशाला जायचं असलं, देवीची ओटी भरायला देहूरोडला जायचं असलं, माझ्या मालकांना, दत्तोबांना, जवळ येऊन बसावंसं वाटतंय असं त्यांच्या डोळ्यांत दिसलं, की मी बाजूला. खोटं बोलायची सवय लागायला फार दिवस लागत नाहीत. मधल्या दिवसांत मी माझ्या परीनं बंदोबस्त करत होते. बाळंतिणीचं पोट बांधतात तसं जुन्या लुगड्याचा पट्टा पोटाला गुंडाळत होते, तो दर आठवड्याला आणखी आवळत होते. वाटायचं, वरून घट्ट बांधलं की खालून काय जाईल? पाणी प्यायचं सोडलं होतं. तहान लागली की चूळ भरून थुंकायची. त्यापायी पोट साफ होईना; चाळीच्या मागच्या संडासात कुंथून कुंथून डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि बाहेर डबा घेऊन उभ्या असलेल्या बाया दार वाजवायच्या. आणि इतकं करून, चारचौघींत बसलं की वारा मात्र आवरायचा नाही. हसू नये कुणी. मीच पूर्वी अशा बाईला हसले असते.

हे सगळं चालू असताना मला एक काम मिळालं. मिळालं म्हणजे दिवाळीनंतर ये असं सांगितलं. कारखान्यात काचेच्या लहान कुप्यांत इंजेक्शनचं औषध भरायची नवी खोली उघडणार होती आणि तिथं बायका घेणार होत्या. दत्तोबांनी सहज म्हणून सांगितलं, मी सहज म्हणून गेले नाही. सातवी पास झाले त्यानंतर माझ्या हाताला चूल, जातं आणि पोर सोडून काही लागलं नव्हतं. तिथं त्यांनी पुढ्यात एक ताटली ठेवली, चिमट्यानं बारीक बुचं उचलून कुप्यांवर ठेवायला सांगितली, आणि एक बाई माझ्या बोटांकडे बघत राहिली. मंजुळाबाई, तिथल्या मुकादम. माझे हात थरथरले नाहीत. माझे हात कधीच थरथरत नाहीत, ह्या एका गोष्टीचा मला गर्व आहे. मंजुळाबाई म्हणाल्या, "हात चांगलाय तुझा. पण एक ध्यानात ठेव. त्या खोलीत पांढरे कपडे घालून, डोकं-तोंड बांधून आत गेलं की सुट्टी होईस्तोवर बाहेर पडायचं नाही. सारखं आत-बाहेर केलं की धूळ येते. औषध नासतं. जमेल?" मी म्हणाले, "जमेल की." म्हणाले खरी, पण मनात सुट्टीपर्यंतचे तास मोजायला लागले. मला ते काम हवं होतं. हवं म्हणजे हवं. काचेआडची ती खोली मी एकदाच पाहिली होती, पण रोज भाकरी थापताना ती माझ्या डोळ्यांसमोर असायची.

आत्याबाईंना हिशेब कळत नाही असं समजले, ती माझी चूक. श्रावणाच्या तोंडावर त्यांनी मिश्रीचं बोट थांबवलं आणि माझ्याकडे टक लावून बघितलं. "महिन्यात दोन-दोनदा बसतीस तू. हे काय बरं लक्षण न्हाई. अंगावरनं जातंय तुझ्या. उद्या पुण्याला जायचं." मी म्हणाले, "एवढं काही नाही, आत्याबाई." त्या म्हणाल्या, "तुला काय कळतंय? माझी धाकटी जाऊ अशीच वाळून वाळून गेली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या डोळ्यांकडे बघवेना. रात्रभर तळमळले आणि सकाळी एस.टी.त बसले, वेणू मांडीवर, शेजारी आत्याबाई, त्यांच्या पिशवीत माझ्यासाठी डिंकाचे लाडू.

बायकांच्या त्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंचं सगळं ऐकून घेतलं. आत्याबाई बोलत होत्या आणि मी टेबलावरचं पांढरं तसराळं बघत होते. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा, चार-चार दिवस, पोरगी पिवळी पडलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पिशवी साफ करून बघावी लागेल. इथं राहावं लागेल. तरी थांबलं नाही तर पुढं पिशवी काढायचाच विचार करावा लागेल." आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "काढा. पोरगी वाचली पायजे. पोरगा न्हाई झाला तर न्हाई." हे त्या म्हणाल्या! ज्यांनी वेणू झाली तेव्हा बाळंतविडा गुपचूप ट्रंकेत ठेवून दिला होता त्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शेवटचं कधी बसला होतात?" मी तोंड उघडलं. खरं की खोटं? कुठल्या वेळचं खरं होतं आणि कुठल्या वेळचं मी रचलेलं, हे माझं मलाच आठवेना. सुमनताईंच्या घरचं खोटं, बारशाचं खोटं, मधलं एक खरं होतं बहुतेक. स्वतःच्या अंगाची गोष्ट स्वतःलाच सांगता येत नाही म्हणजे काय! आता ह्या मला टेबलावर निजवणार, माझी पिशवी काढणार, आणि तरी हसले की माझं जाणारच. आणि त्या काचेच्या खोलीत माझ्या जागी दुसरीच कुणी बसणार. मला स्वतःचा संताप आला. त्या संतापातच मी बोलले.

"बाई, माझं रक्त जात नाही. लघवी जाते. खोकले की जाते, हसले की जाते, हंडा उचलला की जाते. वाराही धरवत नाही. बाजूला बसत होते ते लपवायला."

वेणू आत्याबाईंच्या बांगड्या ओढत होती. मी आत्याबाईंच्या शिव्यांची वाट बघत राहिले. पण त्या काय म्हणाल्या? "हे व्हय? अगं, हे तर समद्याच बायांना असतंय. ह्याला कुणी दवाखान्यात येतं व्हय?" शिव्या परवडल्या असत्या. मी रक्ताचं खोटं सांगितलं तर मला एस.टी.त घालून आणलं, लाडू बांधले, पिशवी काढायला निघाले. खरं सांगितलं तर ते काहीच नाही. समद्याच बायांना असतंय. त्या एका वाक्यानं माझ्यापुढे बाया उभ्या राहायला लागल्या. माझी आई, चाकणजवळच्या आमच्या गावची वेस न ओलांडणारी. माझ्या लग्नाचं वऱ्हाड निघालं तेव्हा म्हणाली, म्हशीपाशी कुणीतरी पाहिजे, आणि मी तिच्याशी वर्षभर धड बोलले नाही. काकू, कीर्तनाला जायची ती देवळाच्या पायरीवरच बसायची, आत म्हणून जायची नाही, लोक म्हणायचे फार सोवळी. गवरामावशी, जी मे महिन्यातही काळंच लुगडं नेसायची. कुणी मानी, कुणी माणूसघाणी, कुणी विक्षिप्त, अशी आम्ही सगळ्यांना नावं ठेवली. आणि प्रत्येकीनं आपापला कोपरा शोधून ठेवला होता. माझाही मी शोधला होता, चांगला घोंगडी टाकून. मनाशी म्हटलं, मी नाही. मी त्या रांगेत बसणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं होतं. म्हणाल्या, "सगळ्यांना असतं म्हणून बरं करायचं नाही का, आजी? सगळ्यांना खरूज झाली तर खाजवत बसायचं?" मग त्यांनी मला तपासलं आणि म्हणाल्या, फाटलेलं नाही, ढिलं पडलंय, व्यायामानं सुधारेल. "व्यायाम?" आत्याबाई म्हणाल्या. "त्या जागंचा?" "त्या जागेचाच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि आम्हाला आवारातल्या दुसऱ्या इमारतीत कुसुमताईंकडे पाठवलं.

कुसुमताई मुंबईला व्यायामोपचार शिकून आलेल्या. पायात कॅनव्हासचे बूट, पदर कमरेला खोचलेला. त्यांच्या खोलीत लुळ्या पायांची पोरं दोन दांड्यांना धरून चालायला शिकत होती. एक पोरगी पडत होती, उठत होती, पुन्हा पडत होती, आणि कुसुमताई तिला उचलत नव्हत्या. पडद्याआड नेऊन त्यांनी मला पलंगावर निजवलं. पोटाचा पट्टा बघून म्हणाल्या, "हे काय?" आणि सोडायला लागल्या. सोडतात सोडतात, संपेचना. पडद्यापलीकडून आत्याबाई ओरडल्या, "अवो, पट्टा नका काढू, पोट सुटंल पोरीचं!" कुसुमताई म्हणाल्या, "सुटू दे. वरून आवळलं की सगळा भार खालीच जातो. तुम्ही थैलीचं तोंड धरायचं सोडून थैलीच दाबत बसलात, बाई." इतके महिने मी माझ्याच हातानं ते बाहेर ढकलत होते! रडू आलं आणि हसूही, आणि हसले म्हणून थोडं गेलं. कुसुमताईंनी फडकं दिलं आणि नुसतं "हं" म्हणाल्या, लाळ गळणाऱ्या पोराला देतात तसं.

मग हातमोजा घालून त्यांनी बोटानं तपासलं. "आता माझं बोट आतून धरून दाखवा." मी श्वास कोंडला, दात आवळले, मांड्या आवळल्या, कपाळाच्या शिरा ताणल्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही ढकलताय. मला उचलून हवंय." पुन्हा केलं. पुन्हा ढकललं. "बाळंतपण कसं झालं होतं?" त्यांनी विचारलं, आणि मला माझ्या माहेरचं ते माजघर आठवलं, चुलीवर उकळणारं पाणी, सुईणीचे दोन्ही हात माझ्या पोटावर आणि चौघी बायांचा एकच घोष, ढकल, ढकल, आणखी ढकल. दिवस मावळला, उजाडलं, पुन्हा मावळायला आला. वेणू झाली आणि त्या गप्प झाल्या, पण आता थांब असं मला कुणी सांगितलंच नाही. माझं अंग अजून त्या माजघरातच होतं की काय कोण जाणे. कुसुमताई म्हणाल्या, "डोळे मिटा. घरात पाहुणे बसलेत, सासरे आहेत, दीर आहेत, आणि तुम्हाला वारा सरणार आहे. काय कराल?" मी काही विचार न करता केलं. "हां! तेच!" त्या ओरडल्या. "तसंच पुढूनही. वर ओढायचं, श्वास चालू ठेवायचा. आवळायचं... आणि आता सोडायचं. सोडलं नाही तर पुन्हा आवळता कसं येईल?" इतकी बारीक हालचाल. मुंगीनं पाय हलवावा एवढी. पण ती माझी होती, मी सांगितलं आणि ती झाली. पडद्याआड उताणी पडल्या पडल्या मला सातवीच्या निकालाच्या दिवशी झाला होता तसा आनंद झाला.

"शिंकायच्या आधी, उचलायच्या आधी, हसायच्या आधी आवळायचं," त्यांनी पडदा सारून सांगितलं. "पाणी भरपूर प्यायचं. संडासला कुंथायचं नाही. रोज करायचं. आठवडाभरात काही दिसणार नाही, कंटाळा येईल, तरी करायचं. अगदी शंभर टक्के कोरडं होईलच असं वचन मी देत नाही." आत्याबाई बाकावर बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. त्यांना हे सगळं ऐकणंसुद्धा ओंगळ वाटत असणार, असं मला वाटलं.

परतताना एस.टी.त त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. चाळीत आलो, वेणूला खाली ठेवलं आणि मग त्यांचं तोंड सुटलं. "माझ्या हातून पानी भरून घेतलंस! नळावरनं हंडे वाहिले मी तुझ्या खोट्या चार दिसांचे. म्हातारीच्या जिवाची तुला काडीची कदर न्हाई. मी देवाला नवस बोलले तुझ्यासाठी, आणि तू कोपऱ्यात बसून मजा बघत हुतीस!" खरं होतं. मान खाली घालून ऐकलं. शेवटी धीर करून म्हणाले, "आत्याबाई, दिवाळीनंतर मला कारखान्यात जायचंय. वेणूला..." "वेणूला मी बघायचं? पानी मी भरायचं? अजिबात न्हाई. तुझ्या खोट्याचं भरलं, आता तुझ्या नोकरीचं न्हाई भरणार." दत्तोबा दारात बूट काढत उभे होते. म्हणाले, "तुमचं बायकांचं तुम्ही बघा बुवा," आणि पुन्हा बूट घालून नाक्यावरच्या मुरारीच्या दुकानाकडे गेले. पुरुषांना असं जाता येतं.

मी कंबर कसली. दुसरं काही हातात नव्हतं. पहाटे नळाला धार आली की चाळीतली पहिली मी. हंड्याला हात घालायच्या आधी आवळायचं, मग उचलायचं. पाणी भरून झालं की एक तांब्या तिथंच उभी राहून प्यायचा, भीती वाटली तरी. सुरुवातीला जास्तच गेलं आणि मी कुसुमताईंना मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. भाकरी थापताना आवळायचं, परतताना सोडायचं. वेणूला थोपटताना, सुमनताईंशी दारात बोलताना, दत्तोबा रेल्वे फाटकावरच्या भांडणाची गोष्ट रंगवून सांगताना. चाळभर बाया माझ्यासमोर बसलेल्या असायच्या आणि त्यांच्या देखत माझं काम चालू असायचं. कुणाला पत्ता नाही. आयुष्यात माझं असं एकटीचं काही नव्हतं, ना खोली, ना ट्रंक, ना वेळ. हे होतं. श्वास कोंडायची खोड तेवढी जाईना. मग मी तेव्हा ओव्या म्हणायला लागले, गळा चालू राहिला की श्वास चालू राहतो. आत्याबाई म्हणायच्या, "लई गानं सुचतंय." त्या चुलीजवळ पाठमोऱ्या बसलेल्या असायच्या, धुरानं खोकत, आणि माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या.

भाद्रपदात गौरी उठल्या त्या दिवशी वेणू जिन्याच्या तोंडाशी रांगत गेली. मी धावले, तिला झडप घालून उचललं, आणि जिन्यातच सगळं गेलं. आवळायची आठवणच झाली नाही. पायरीवरून ओघळ खाली गेला. इतके दिवस केलेलं सगळं पाण्यात. वेणूला उराशी धरून मी तिथंच बसले आणि म्हटलं, मेलं, नाही होणार माझ्यानं, जाऊ दे ती खोली खड्ड्यात. वरून आत्याबाई आल्या. शेजारची सोजराबाई पण दारात आली, "काय झालं गं, काय सांडलं?" जिभेवर ते आलं होतं, 'बाजूला झाले'. किती सोपं होतं! घोंगडी, कोपरा, चार दिवस भिंत. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्याही माझ्याकडे बघत होत्या, माझ्या तोंडाकडे, आता ही काय बोलते म्हणून. मी म्हणाले, "माझी लघवी गेली, सोजराबाई. बाळंतपणापासून जाते. पुसते मी." सोजराबाई तोंडाला पदर लावून आत गेली. दिवेलागणीपर्यंत चाळभर झालं असणार. होऊ दे. मी पायऱ्या धुतल्या, वरपासून खालपर्यंत, आणि धुता धुता पुन्हा सुरू केलं. आवळायचं, सोडायचं. आत्याबाईंनी वेणूला माझ्या कडेवरून घेतलं होतं, ते मला नंतर ध्यानात आलं.

त्यांनी होकार असा दिलाच नाही. दिवाळी झाली, मी जायची तयारी करायला लागले, तर एका सकाळी त्या वेणूला तेल लावता लावता तिलाच म्हणाल्या, "तुझी आई चाललीय कारखान्यात. आपन दोघी बसू घरी. पर पानी तीच भरून जाईल, हां." मी पाया पडले तर पाय मागं घेतला.

ती खोली मला वाटली होती त्याहून लहान होती. पांढरे कपडे, डोक्याला पांढरं फडकं, तोंडाला पट्टी, नुसते डोळे दिसणाऱ्या बाया. मंजुळाबाईंनी दार ओढून घेतलं तो आवाज माझ्या पाठीत शिरला. स्पिरिटचा वास, काचेचा किणकिणाट, पुढ्यात कुप्या येत होत्या आणि मी बुचं ठेवत होते. हात स्थिर होते. बाकी मी सगळी धडधडत होते. घड्याळ दारावर होतं आणि मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. मधेच तो वास नाकात चढला आणि शिंक यायला लागली. अशी लांबून येणारी, डोळ्यांत पाणी आणणारी. किती लांबून आली ती! तेवढ्यात मला आई आठवली, सुमनताईंची सतरंजी आठवली, जिना आठवला, आणि मी चिमटा खाली ठेवला, मान वळवली, आवळलं, आणि शिंकले. धरलं. बरंचसं धरलं. थोडं गेलं, फडक्यापुरतं. दार बंद होतं, सुट्टीला अवकाश होता, मी बसले होते तिथंच बसले होते आणि काही कोसळलं नव्हतं. मंजुळाबाईंनी काचेपलीकडून एकदा बघितलं आणि पुढे गेल्या. मी सोडलं. चिमटा उचलला. बूच ठेवलं. पुढची कुपी आली, तिच्यावरही ठेवलं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आत्याबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. वेणू शेजारी सुपातले तांदूळ चिवडत होती. मी हातपाय धुतले, तांब्याभर पाणी प्याले आणि त्यांच्यासमोर भिंतीला टेकून बसले. मग सुपावरची नजर न उचलता म्हणाल्या, "गेलं का?"

"थोडं गेलं. शिंक आली होती."

"मग?"

"मग काय. बसून राहिले. काम केलं."

त्यांनी सूप हलवलं, एक खडा उचलून बाहेर टाकला. गॅलरीत कुणी नाही हे बघितलं. आवाज इतका खाली आणला की मला पुढे वाकावं लागलं.

"परवा धुरानं खोकले ना, तवा माझं गेलं न्हाई," त्या म्हणाल्या.